डॉक लॉक लागत नाही, सुटत नाही किंवा खोटा दिवा दाखवतं: काय तपासावं, कुठे थांबावं

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की गोव्यातल्या वेर्णा, कुंडई या पट्ट्यातल्या गोदामांतून एकच तक्रार सुरू होते: "डॉक लॉक परत बिघडलं." डॉक लॉक म्हणजे माल चढवता-उतरवताना ट्रकला गोदामाच्या डॉकशी (ट्रक मागे लावायच्या ओट्याशी) पकडून ठेवणारं यंत्र. जाऊन बघावं तर बहुतेक वेळा लॉक ठणठणीत असतं. दोष निघतो ट्रकच्या मागच्या गार्डमध्ये (मागच्या आडव्या पट्टीत), लॉक ज्यातून खाली-वर सरकतं त्या चॅनलमध्ये घट्ट बसलेल्या तांबड्या मातीत, नाहीतर जागेवरून जरासा सरकलेल्या सेन्सरमध्ये. पण माल थांबलेला असतो, डिस्पॅचवाला डोक्यावर उभा असतो, आणि कुणीतरी बायपासची (लॉक न लागताही आतला दिवा हिरवा करणारी) चावी फिरवून मोकळा होतो. बिघाडापेक्षा मला त्या चावीची भीती जास्त वाटते. खालचा क्रम पाळला तर ती फिरवायची वेळ सहसा येत नाही.

ही माहिती डॉकच्या भिंतीला किंवा खालच्या काँक्रीटला बसवलेल्या, हुकाने ट्रकचा मागचा गार्ड पकडणाऱ्या लॉकसाठी आहे. चाक अडवणाऱ्या प्रकाराला यातली गार्डची भानगड लागू नाही. माती, सेन्सर आणि विजेचं सगळं लागू आहे.

लॉक कशासाठी असतं हे नव्या सुपरवायझरला एकदा डॉकवर उभं करून दाखवावं. भरलेली फोर्कलिफ्ट कंटेनरमध्ये शिरते आणि ब्रेक मारते. त्या धक्क्याने ट्रक किंचित पुढे सरकतो, हँडब्रेक ओढलेला असला तरी. अशा फेऱ्या होत राहिल्या की लेव्हलरची (डॉक आणि ट्रक जोडणाऱ्या फळीची) लिप, म्हणजे तिची पुढची कड, ट्रकच्या फळीवर जेमतेम टेकून राहते, आणि पुढच्या फेरीला निसटते. दुसरा धोका याहून साधा: आत माल चढतोय आणि बाहेर ड्रायव्हरला वाटतं काम झालं, तो गाडी काढतो. लॉक या दोन्हींसाठी आहे. म्हणून दिव्यांची भाषा पाठ हवी: लॉक लागलेलं असताना बाहेर लाल, आत हिरवा. सुटलेलं असताना बाहेर हिरवा, आत लाल. दोन्हीकडे हिरवा दिसणं ही चूकच.

लक्षणं

हुक वर येतो, गार्डला न लागता वरपर्यंत जातो, भोंगा वाजतो आणि आतला दिवा लालच राहतो: बहुधा ट्रकचा प्रश्न. तपासणी १ आणि २.

लॉक लागलं, माल भरून झाला, आता सुटत नाही. मोटर जोर लावते आणि थांबते: हुकावर ट्रकचा दाब आलाय. तपासणी ३.

हुक अर्ध्यावर अडकतो, खरखर आवाज येतो, किंवा खाली गेलेली कॅरेज (हुक ज्यावर बसवलाय तो सरकता भाग) परत वर येत नाही: माती, गंज, रोलर. तपासणी ४.

पावसात बिघडतं, दोन दिवस ऊन पडलं की आपोआप सुधारतं: कुठेतरी पाणी शिरतंय. तपासणी ५.

काहीच हलत नाही, किंवा "लॉक" दाबल्यावर हुक उलट्या दिशेने जातो: वीज. तपासणी ६.

दिवा सांगतो लागलंय आणि डोळ्यांना दिसतं लागलेलं नाही: फोर्कलिफ्ट ताबडतोब बाहेर काढा, मग पुढचं वाचा. लॉक अजिबात चालत नसेल तर निदान सगळे सावध असतात. खोटा हिरवा दिवा माणसाला निर्धास्त करून कंटेनरमध्ये पाठवतो.

हात लावण्याआधी

ट्रक डॉकला असेल तर त्याची चावी सुपरवायझरकडे, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके (चाक अडवणारे ठोकळे). लॉकचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करून त्याला आपलं कुलूप लावा आणि किल्ली आपल्या खिशात ठेवा, टेबलावर नको. कॅरेज स्प्रिंगच्या ताणावर असते, त्यामुळे वीज नसतानाही ती उसळते. नुसतं स्टॉप बटण दाबून हुकाजवळ बोटं घालू नयेत. ट्रक आणि भिंत यांच्या मधल्या फटीत कोणीही उतरायचं नाही. बघायचं ते बाजूने टॉर्च मारून, आणि हात घालायचा असेल तर ट्रक पुढे काढून.

१. ट्रक टेकलाय का?

खर्च शून्य. बाजूला जाऊन दोन्ही रबरी बंपर बघा. ट्रक दोन्हीवर टेकलेला हवा. तिरका लागला असेल तर एका बाजूला चार बोटं फट राहते, आणि हुकाची पोच भिंतीपासून ठरावीक अंतरापर्यंतच असते. गार्ड त्या पोचेबाहेर असला की हुक हवेत वर जातो आणि बिचाऱ्या लॉकवर बिल फाटतं. ड्रायव्हरला सरळ मागे घ्यायला सांगा आणि परत बटण दाबा.

बंपरही बघून घ्या. रबर झिजून निम्मं झालं असेल तर ट्रक गरजेपेक्षा जास्त आत येतो आणि गार्ड थेट लॉकच्या बॉडीवर आपटतो. नवीन बंपर लॉकच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, तरी खरेदीवाल्यांच्या यादीत तो शेवटी असतो.

२. मागचा गार्ड पकडण्यासारखा आहे का?

इथे जरा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथेच संपतात.

ट्रकच्या मागची ती आडवी पट्टी छोटी गाडी धडकून खाली घुसू नये म्हणून असते. आपल्याकडे तिच्यासाठी आयएस १४८१२ हे मानक आहे, आणि रिकाम्या गाडीत तिची खालची कड जमिनीपासून ५५० मिमीपेक्षा वर असू नये असा दंडक आहे. डॉक लॉक या पट्टीचा उपयोग करून घेतं. ती लॉकसाठी बनवलेलीच नाही, त्यामुळे प्रत्येक गाडीत तिचं रूप वेगळं.

वेर्ण्याला तर सगळ्याच तऱ्हेच्या गाड्या येतात. अनमोडचा घाट उतरून हुबळी-बेळगावच्या, ६६ नंबरच्या हायवेने सिंधुदुर्गाकडून, मुरगाव बंदरातून कंटेनर घेऊन ट्रेलर, आणि १९९९ पासून कोकण रेल्वेच्या रो-रोवर (ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेण्याच्या सेवेवर) कोलाडहून चढून वेर्ण्यात उतरणारे ट्रक. कुणाचा गार्ड वाकलेला, कुणाचा एका बाजूने लोंबणारा, कुणी घासतो म्हणून वर उचलून वेल्डिंग केलेला, कुणाचा गायबच.

टेप घ्या आणि गार्डच्या खालच्या कडेची उंची डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूला मोजा. आपल्या लॉकची पकड कुठपासून कुठपर्यंत चालते ते त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं; तो आकडा रंगाने डॉकच्या भिंतीवर लिहून ठेवा म्हणजे दर वेळी कपाट उघडावं लागत नाही. रिकामी गाडी उंच असते आणि माल चढेल तशी खाली बसते. एअर सस्पेन्शनच्या गाडीत हवा सोडली की गार्ड आणखी उतरतो. चांगलं लॉक गाडीबरोबर खाली-वर होतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

मग गार्डच्या मागे बघा. हुक गार्डला वळसा घालून वर येतो, म्हणजे पट्टीच्या मागे मोकळी जागा हवी. तिथे ताडपत्रीची दोरी गुंडाळलेली असते, जॅकचा दांडा खोचलेला असतो, पत्रा ठोकलेला असतो. एकदा आत हिरवा दिवा, सगळं व्यवस्थित, पण फोर्कलिफ्टवाला म्हणाला गाडी हलतेय. टॉर्च मारून पाहिलं तर हुक गार्डच्या एक वीत पुढे होता. त्याने पकडली होती नंबरप्लेटखाली नव्याने लावलेली लोखंडी पट्टी, दोन पातळ टाक्यांवर लटकणारी.

"मामा, ही पट्टी कधी मारली?"

"कोल्हापुरात, साहेब. पाटी सारखी तुटायची, म्हणून आधार दिला."

सेन्सरला एवढंच कळतं की हुक कशावर तरी टेकलाय. तो गार्ड आहे की पाटीचा आधार, हे त्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून हिरवा दिवा लागल्यावरही बाजूने एकदा नजर टाकायची सवय लावा. लॉक लागल्यावर ड्रायव्हरकडून गाडी हलक्या गिअरमध्ये किंचित पुढे ओढून घेऊन पकड तपासायची पद्धत काही मॅन्युअलमध्ये दिलेली असते. तुमच्यात असेल तर वापरा, नसेल तर स्वतःच्या मनाने करू नका.

गार्ड नसेल, लोंबत असेल किंवा मर्यादेबाहेर असेल तर लॉकशी झटापट थांबवा. ती गाडी लॉकवर भरायची नाही. मागच्या चाकांना गुटके, चावी सुपरवायझरच्या हातात, गाडीसमोर ट्रॅफिक कोन आणि साखळी, ट्रेलर घोड्यापासून (ओढणाऱ्या पुढच्या गाडीपासून) सोडलेला असेल तर पुढच्या टोकाखाली आधाराचा जॅक. पावसात एक लक्षात असू द्या: चिखल झालेल्या ओल्या काँक्रीटवर गुटका घसरतो. आधी ती जागा झाडून घ्या, आणि लाकडाचा तुकडा नको, रबरी गुटका वापरा.

३. लॉक सुटत नाही

याला दुरुस्ती म्हणायचीही गरज नाही, पण रात्रीच्या पाळीत यावरूनच सर्वात जास्त हातोडे चालतात. माल भरताना ट्रक पुढे सरकला आणि गार्ड हुकावर दाबून बसला. आता मोटरला तो दाब सोडवत नाही. ड्रायव्हरला म्हणा, गाडी सुरू कर, बंपरवर नीट टेकेपर्यंत मागे घे आणि ब्रेक लाव. मग "अनलॉक" दाबा. बहुतेक वेळा लगेच सुटतं.

पुढे ओढून सोडवायला कुणी निघालं तर आधी त्याच्याकडून चावी घ्या. त्यात गार्ड तरी वाकतो, नाहीतर भिंतीतले बोल्ट हलतात, आणि दुसरा प्रकार बाहेरून दिसत नाही. हुकावर हातोडा, पहार, फोर्कलिफ्टचा काटा यांतलं काहीही नको. गाडी मागे घेऊनही सुटत नसेल तर मॅन्युअलमध्ये हाताने सोडवायची पद्धत असते, तीच वापरा.

४. माती, गंज, कचरा

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ट्रक जांभ्याची तांबडी माती टायरला लावून येतात, ती डॉकच्या उतारावर धुऊन पडते आणि नेमकी लॉकच्या पायाशी साचते. ओली असते तोवर त्रास नसतो. मधे दोन दिवस ऊन पडलं की ती चॅनलमध्ये कडक होते आणि रोलर त्यावर चढून अडकतात. जोडीला श्रिंक रॅपचे तुकडे, पॅलेटचे खिळे, पट्ट्यांच्या क्लिपा.

आयसोलेटरला कुलूप आहे ना, याची खात्री करा. मग लाकडी पट्टीने आणि वायर ब्रशने चॅनल खरवडा, कचरा हाताने काढा, शेवटी बादलीने पाणी मारा. प्रेशर वॉशर सेन्सर, केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट बसणारी टोपी) आणि मोटरवर मारू नका. बाहेरचं पाणी सहन करण्यासाठी ते बनवलेले असतात, जोराच्या फवाऱ्यासाठी प्रत्येक वेळी नसतात. धुतल्यावर लॉक बिघडल्याच्या तक्रारी मी भरपूर पाहिल्या आहेत.

मग डॉकच्या पायथ्याची नाली बघा. ती तुंबलेली असेल तर आजची सफाई शनिवारपर्यंत फुकट जाणार.

ग्रीसचा मोह सगळ्यांना होतो. उघड्या चॅनलवर ग्रीस थापलं की त्यात रेती चिकटते आणि रोलर पॉलिश पेपरवर घासल्यासारखे झिजतात. मॅन्युअलमध्ये जिथे ग्रीस पॉइंट दाखवलेत तिथेच द्या; चॅनल कोरडा सांगितला असेल तर कोरडाच ठेवा.

आता वीज बंदच ठेवून, बाजूला उभं राहून, लांब दांड्याने कॅरेज खाली दाबा आणि हळूहळू सोडा. एका दमात वर आली तर ठीक. रेंगाळत, झटके देत आली तर रोलर झिजलाय किंवा चॅनल वाकलाय. वर आलीच नाही तर स्प्रिंग गेली असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे थांबायचं. ताणातली स्प्रिंग उघडणं हे साध्या फिटरचं काम नाही. सुटली तर हाताची हाडं मोडते.

वास्को, सडा यांसारख्या समुद्राजवळच्या जागी खाऱ्या हवेचं वेगळं प्रकरण आहे. बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि बेसप्लेटच्या (लॉक भिंतीला बसवणाऱ्या जाड पत्र्याच्या) मागच्या बाजूला पापुद्रे सुटत असतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडेला टोकरून बघा. पत्र्यासारखे थर निघाले तर तपासणी ७ वर जा.

५. दिवे आणि सेन्सर

आधी दिवा, मग सेन्सर. बाहेरच्या लाल दिव्याच्या काचेत पाणी शिरून तो बंद पडलेला असतो आणि लोक पॅनल उघडून बसतात. बाहेरचा लाल बंद असेल तर ड्रायव्हरला कसलीच सूचना मिळत नाही, म्हणून सुटा दिवा कपाटात असलाच पाहिजे.

सेन्सर बहुधा धातू ओळखणारा प्रॉक्सिमिटी असतो, बोटाएवढा, मागच्या टोकाला छोटा एलईडी. त्याची ओळखण्याची कक्षा अगदी थोडी, नेहमीच्या १८ मिमीच्या सेन्सरला साधारण ५ ते ८ मिमी. ट्रकच्या धक्क्यांनी नट सैल होऊन तो जरा मागे गेला की खेळ संपला. हुक हाताने जागेवर नेऊन एलईडी लागतो का पाहायचं असेल तर वीज चालू लागते, म्हणून हे काम दोघांनी करा: एक जण आयसोलेटरजवळ, दुसरा बाजूला उभा राहून लांब दांड्याने हुक हलवणारा. सेन्सरच्या तोंडावर वेल्डिंगचे शिंतोडे किंवा ग्राइंडरचा कीस चिकटला असेल तर तो कायम "धातू आहे" असंच सांगतो. डॉकवर अलीकडे कुणी वेल्डिंग केलं असेल तर पहिली शंका हीच घ्या.

पावसात बिघडून उन्हात सुधारणाऱ्या लॉकचा दोष बहुधा जंक्शन बॉक्समध्ये सापडतो. झाकणाचा रबर कडक झालेला, ग्लँड सैल, तळाशी चमचाभर पाणी, टर्मिनलवर हिरवट बुरशी. मुंग्यांनी आत घर केलेलं असतं, पांढऱ्या अंड्यांसकट. कॉन्टॅक्टरमध्ये (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) पाल चिकटून मेलेली हा तर पॅनलवाल्यांचा नेहमीचा अनुभव. वीज बंद करून बॉक्स पुसा, वाळवा, रबर आणि ग्लँड बदला. केबल ग्लँडपाशी खाली लोंबणारा वळसा घेऊन मगच वर आणा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जातं. ग्लँडची फट उंदीर शिरण्याइतकी ठेवू नका.

सेन्सरला चिमटा लावून किंवा तार जोडून "तात्पुरता" चालवणं हेच ते बायपास. त्याने दिवा हिरवा होतो, हुक मात्र जिथे होता तिथेच असतो. पॅनलवर बायपासची चावी दिलेली असेल तर ती गार्ड नसलेल्या गाडीसाठी असते, आणि तपासणी २ मध्ये सांगितलेले गुटके, गाडीची चावी, कोन सगळं झाल्यावरच वापरायची. ती पॅनललाच लटकवून ठेवणारं गोदाम दिसलं की तिथे लॉक लागत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

६. वीज

एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त ताण आला की ती बंद करणारा) ट्रिप झालाय का बघा. एकदा रीसेट करा. परत ट्रिप झाला तर पुन्हा रीसेट करू नका. मोटरला कुठेतरी जोर लागतोय, म्हणजे तपासणी ४ नीट झालेली नाही, किंवा मोटरच जातेय.

लॉक थ्री-फेजवर असेल तर आणखी एक गोष्ट. वादळात लाईन गेली, खांबावर काम झालं, वीज परत आली आणि त्यानंतर हुक उलटा जायला लागला. बाजूचा हायड्रॉलिक लेव्हलर चालू करा: पंप आवाज करतोय पण लेव्हलर उचलत नाही? मग फेजचा क्रम उलटलाय आणि लॉकचा काही दोष नाही. फेज रिले (फेजचा क्रम चुकला की वीज तोडणारा) बसवलेला असेल तर तो आधीच सगळं बंद करून बसलेला असतो, आणि लोक त्यालाच बिघडलेला ठरवून काढून टाकतात. क्रम मुख्य पॅनलवर सरळ करायचा असतो आणि ते परवानाधारक वायरमनचं काम. लॉकच्या मोटरवरच दोन वायरी अदलाबदल केल्या तर लॉक चालेल, पण लेव्हलर, शटर, कॉम्प्रेसर उलटेच राहतील, आणि उद्या लाईन पूर्वीसारखी झाली की लॉक परत उलटं.

७. इथे थांबा

यापुढचं कंपनीच्या सर्व्हिस इंजिनियरचं काम आहे, आणि तो येईपर्यंत तो डॉक लॉकविना समजायचा, पॅनलवर पाटी लावून:

अँकर बोल्ट सैल आहे, किंवा त्याच्याभोवती काँक्रीटला भेग आहे. बोल्ट आवळून प्रश्न सुटत नाही, कारण भेगाळलेलं काँक्रीट त्याला धरत नाही.

हुक वाकलाय, त्यावर किंवा वेल्डिंगच्या टाक्यावर बारीक चीर दिसतेय. गल्लीतल्या वेल्डरकडून हुक तापवून सरळ करून घेऊ नका. तापवलेल्या पोलादाची मूळ ताकद राहते की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

लॉक लागलेलं असताना ट्रकने जोरात ओढलंय. वरून काहीच झालेलं दिसत नसलं तरी.

स्प्रिंग तुटलीय, पॅनलमधून जळका वास येतोय, बॉडी हाताला झटका देतेय, किंवा सगळं तपासूनही दिवा एक सांगतो आणि हुक दुसरंच करतो.

फोन करताना नेमप्लेटवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर, पॅनलवर दिसणारा एरर कोड, बिघाड झाला तेव्हा कुठली गाडी होती आणि तिच्या गार्डची उंची किती, पाऊस होता का, आणि वरच्यापैकी काय काय करून झालं, हे सांगा. हुकाचा आणि बेसप्लेटचा बाजूने काढलेला फोटो पाठवा. इंजिनियर बाहेरगावाहून येणार असेल तर सुटा सेन्सर, रोलर आणि स्प्रिंग सोबत आणायला सांगा, नाहीतर तो बघून जाईल आणि पार्ट पुढच्या आठवड्यात येईल.